फुकट वाचणारा सेक्रेटरी वर्गणीदार कसा होतो

डोंबिवलीत राहून मी गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते. त्याच कामातून एक ईमेल-पत्र सुरू झालं. ते दर बुधवारी सकाळी जातं, वाचणारे बहुतेक सेक्रेटरी, खजिनदार किंवा कमिटीवर नव्याने निवडून आलेली मंडळी. पत्र मोफत आहे. त्याच्या जोडीला वर्गणीदारांसाठी वेगळा भाग आहे आणि तो आता पत्राचा सगळा खर्च उचलतो. मराठीत असं पत्र चालवणारे बरेच जण मला विचारतात की लोक आवडीने वाचतात, कौतुकही करतात, मग पैशांचं नाव काढलं की गप्प का होतात? माझ्या अनुभवातून जे पक्कं कळलं आहे ते इथे सांगते. उदाहरणं सोसायट्यांची आहेत, पण द्राक्षबागेवर किंवा स्कॉलरशिपच्या परीक्षेवर लिहिणाऱ्यालाही ती लागू पडतील.

वाचक जास्त मजकुरासाठी पैसे देत नाही. त्याच्याकडे वाचायला आधीच भरपूर असतं. "आठवड्याला एकाऐवजी दोन पत्रं मिळतील" असं सांगून वर्गणी मागितली तर त्याला ते ओझं वाटतं. तो पैसे देतो ते अडलेलं काम उरकावं म्हणून. म्हणून मी माझी वाटणी अशी केली आहे: समजून घ्यायला जे लागतं ते मोफत, करायला जे लागतं ते वर्गणीदारांना.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचा बिनभोगवटा आकार घ्या. सगळे त्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात. यावरून जितकी भांडणं होतात तितकी पार्किंग सोडलं तर कशावरून होत नसतील. मोफत पत्रात मी पूर्ण नियम दिला. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार हा आकार सेवाशुल्काच्या, म्हणजे बिलातल्या पहारेकरी, सफाई, सामायिक वीज अशा खर्चाच्या भागाच्या, 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. दहा टक्के सेवाशुल्कावर, संपूर्ण मेंटेनन्स बिलावर नाही. महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. बिल 3,200 चं असेल आणि त्यातलं सेवाशुल्क 1,800 असेल तर आकार 180 रुपये, 320 नाही. घरात आईवडील, मुलगा किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर तो आकारताच येत नाही. इतकं सगळं मोफत. ज्याला फक्त समजून घ्यायचं आहे त्याचं काम इथे पूर्ण झालं.

पण ज्या सोसायटीने वर्षभर 320 रुपये घेतले आहेत, तिच्या सेक्रेटरीचं काम आता सुरू होतं. सभासदाला काय लिहून द्यायचं? जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती कशी करायची? कमिटीच्या इतिवृत्तात ठरावाची भाषा काय असावी? लेखापरीक्षकाने विचारलं तर नोंद कुठे दाखवायची? हे चार कागद तयार करायला नोकरी सांभाळून सेक्रेटरीपद निभावणाऱ्या माणसाचे दोन रविवार जातात. ते चार कागद मी वर्गणीदारांना वर्ड आणि एक्सेल फायलीत देते. मोफत पत्राच्या शेवटी एवढंच लिहिलेलं असतं की या विषयाचे नमुने वर्गणीदारांना आज पाठवले आहेत.

यात एक पथ्य मी काटेकोर पाळते. मोफत पत्र कधीही मध्येच तोडत नाही. नियम अर्धा सांगायचा आणि ऐन मोक्याला "पुढचं वाचण्यासाठी वर्गणी भरा" असा पडदा टाकायचा, हे मला पटत नाही. ज्याच्यावर चुकीची आकारणी झाली आहे त्या सभासदाला निदान आपला हक्क तरी पैसे न देता कळला पाहिजे. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी, पूर्ण पत्र वाचून ज्याचं समाधान झालं तोच पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर पैसे टाकतो.

आता तुमच्या वाचकांचं काम नेमकं कुठे अडतं, हे ओळखायचं कसं? त्यांनी पाठवलेली उत्तरं वाचा. पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर फार विसंबू नका. ॲपलने 2021 मध्ये मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली तेव्हापासून वाचकाने पत्र पाहिलं नसलं तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. उत्तर मात्र खरं असतं. "छान माहिती" असं लिहिणारा वाचक मला प्रिय आहेच, पण "याचं पत्र कसं लिहायचं? नमुना आहे का?" असं विचारणारा उद्याचा वर्गणीदार असतो. अशी उत्तरं मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. तीन-चार जणांनी एकच कागद मागितला की तो वर्गणीदारांच्या यादीत जातो. वर्गणी सुरू करण्याआधी हे फोल्डर भरू द्या. ते रिकामं असेल तर अजून काही महिने फक्त मोफत लिहा.

मागण्याची वेळ हा पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. प्रत्येक विषयाचं आपलं वर्ष असतं. सोसायट्यांचं वर्ष 31 मार्चला हिशेब मिटवून सुरू होतं, 31 जुलैपर्यंत लेखापरीक्षण व्हायला हवं आणि 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेच्या नोटिशीला पूर्ण चौदा दिवस लागतात. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत, म्हणजे 20 सप्टेंबरची सभा असेल तर नोटीस 5 सप्टेंबरपर्यंत निघाली पाहिजे. त्यामुळे जुलै संपत आला की सेक्रेटरीच्या डोक्याला ताप सुरू होतो. मी मोठं आवाहन करते ते तेव्हा. जानेवारीत हेच आवाहन केलं तर तोच माणूस "बघू नंतर" म्हणतो, आणि त्याचं चूक नसतं, कारण तेव्हा त्याचं काहीच अडलेलं नसतं. द्राक्षबागायतदारांसाठी लिहीत असाल तर तुमचा काळ ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या आधीचा. आपल्या विषयाचं कॅलेंडर कागदावर मांडा आणि वाचकाची घाई सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीची तारीख पकडा. ऐन घाईच्या आठवड्यात मागू नका, त्या वेळी तो मेलच उघडत नाही.

आवाहनाचा माझा मजकूर जसाच्या तसा देते:

"यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस, विषयपत्रिका, कमिटीच्या अहवालाचा नमुना आणि इतिवृत्ताचा मसुदा असा संच वर्गणीदारांना 1 ऑगस्टला मिळेल. वर्ड फाईल आहे. सोसायटीचं नाव आणि तारखा भरल्या की नोटीस फलकावर लावता येईल. वर्षाची वर्गणी एका व्यक्तीसाठी 900 रुपये, सोसायटीसाठी 2,400. खाली यूपीआयने भरता येईल. सोसायटीच्या नावाने बिल हवं असेल तर या मेलला फक्त 'बिल' असं उत्तर पाठवा."

यात मिळणाऱ्या वस्तूचं नाव आहे, तारीख आहे, फाईल कोणत्या प्रकारची हे आहे आणि किंमत वाक्यातच आहे. किंमत बटणामागे लपवली की माणूस बटण दाबायलाच बिचकतो. "माझ्या कामाला पाठबळ द्या" असं मी लिहीत नाही. पाठबळ देणारे वाचक असतात आणि त्यांची मी मनापासून ऋणी आहे, पण ते मोजके असतात आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा तेच कारण पुरत नाही.

मात्र वर्षातून एकदा मी पैसे का घेते हे सरळ लिहिते. सोसायट्यांपर्यंत पोचायला बिल्डर, पुनर्विकासाचे सल्लागार, रंगकामाचे आणि वॉटरप्रूफिंगचे कंत्राटदार उत्सुक असतात. त्यांच्या जाहिराती घेतल्या तर वर्गणीची गरजच उरणार नाही. पण मग पुनर्विकासाच्या करारात काय तपासायचं, यावर माझा शब्द कोणी का मानावा? ज्या इमारतीतल्या माणसांचं सगळं आयुष्य त्या चारशे-पाचशे फुटांत गुंतलेलं आहे, त्यांना सल्ला देणाऱ्याचा पगार समोरच्या बाजूकडून येता कामा नये. ही गोष्ट वाचकांना एकदा नीट सांगितली की ती पोचते. तुमच्या विषयात असं खरं कारण असेल तर तेही स्पष्ट लिहा.

आता पैसे नेमके कोणाच्या खिशातून येतात ते पाहा. माझ्या बाबतीत सगळं गणित इथे फिरलं. सेक्रेटरी मानद काम करतो. वेळ देतो, बोलणी खातो आणि वरून सोसायटीच्या कामासाठी पदरचे 900 रुपये भरायचे, हे कोणालाही जड जाईल. पत्र वाचणारा एक आणि त्याचा फायदा होणारी सोसायटी दुसरी, तर पैसे सोसायटीने द्यायला हवेत. म्हणून मी सोसायटीची वेगळी वर्गणी ठेवली: वर्षाला 2,400 रुपये, कमिटीतल्या सगळ्यांना पत्र आणि फायली.

पण सोसायटी मोबाईल काढून यूपीआय करत नाही. तिला बिल लागतं, कमिटीची मंजुरी लागते, व्हाउचर लागतं, चेकवर सह्या लागतात. हे सोपस्कार जितके सोपे कराल तितके वर्गणीदार वाढतील. "बिल" असं उत्तर आलं की मी त्याच दिवशी तीन गोष्टी पाठवते. पहिली, सोसायटीच्या पूर्ण नोंदणीकृत नावाने बिल, त्यावर माझा पॅन आणि बँकेचा तपशील. माझी वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही आणि बिलात तसं लिहिलेलं असतं. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट, कमिटीच्या सभेसाठी तयार ठराव:

"सोसायटीच्या कामकाजासंबंधीच्या साप्ताहिक माहितीपत्राची वार्षिक वर्गणी रु. 2,400/- सोसायटीच्या खात्यातून भरण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर."

तिसरी, एक ओळ: ठराव झाला की कळवा, पत्र लगेच सुरू होईल, चेक सावकाश येऊ दे. कमिटी महिन्यातून एकदा भेटते, खजिनदार गावाला गेलेला असतो, अध्यक्षांची सही राहिलेली असते. पैसे येईपर्यंत फायली अडवून ठेवल्या तर वार्षिक सभा होऊन जाते आणि मग कोणालाच गरज राहत नाही. सोसायटीचा ठराव इतिवृत्तात गेला की पैसे येतात, यावर माझा विश्वास आहे.

आणखी एक बारकावा हिशेबाचा आहे. सोसायटीची वर्गणी ऑक्टोबर ते सप्टेंबर अशी ठेवली तर 31 मार्चला निम्मी रक्कम आगाऊ खर्च म्हणून दाखवावी लागते. दोन हजारांसाठी खजिनदाराला ही कटकट नको असते. म्हणून माझ्याकडे सोसायटीची वर्गणी नेहमी 31 मार्चला संपते. ऑक्टोबरपासून येणाऱ्या सोसायटीने पहिल्या वर्षी 1,200 भरायचे. यामुळे पहिलं पाऊल स्वस्त पडतं आणि नूतनीकरणं सगळी एकाच काळात येतात. संपर्कासाठी शक्यतो सोसायटीचा स्वतःचा मेल पत्ता मागून घ्या. सेक्रेटरी राजीनामा देतो, निवडणूक होते, कमिटी बदलते आणि वैयक्तिक जीमेलवर जाणारं पत्र जुन्या माणसाकडेच राहतं.

तुमचे वाचक संस्था नसतील तरी हा प्रश्न स्वतःला विचाराच: वाचणाऱ्याच्या मागे पैसे देऊ शकणारं कोणी आहे का? शाळा, दवाखाना, शेतकरी उत्पादक कंपनी, कुरिअरचं ऑफिस? साधं गणित करा. हजार वाचकांतल्या तीस जणांनी 900 भरले तर वर्षाचे 27,000, म्हणजे महिन्याला 2,250. त्याच यादीतून दहा सोसायट्या आल्या तर 24,000. दहा ठिकाणी नीट पाठपुरावा करणं एका माणसाला जमतं.

पैसे भरण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात. सबस्टॅक या ईमेल-पत्रांच्या सेवेवर वर्गणी घ्यायला स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं खातं लागतं, आणि स्ट्राइप 2024 पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच देते. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना पत्र एकीकडे आणि पैसे दुसरीकडे असंच करावं लागतं. रेझरपेसारख्या सेवेवर पैसे भरण्याचं पान अर्ध्या तासात तयार होतं. शुल्क साधारण 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरला तर 900 मधले 21 रुपये 24 पैसे जातात. पुण्यात फ्लॅट घेऊन दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे वाचक माझ्याकडे आहेत, भाड्याच्या फ्लॅटचा नियम त्यांच्या जिव्हाळ्याचा असतो. त्यांच्यासाठी परदेशी कार्ड स्वीकारण्याची सोय वेगळी अर्ज करून सुरू करून घ्यावी लागते.

मासिक वर्गणी ठेवूच नका, असं माझं ठाम मत आहे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले. प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि ती थांबवण्याची मुभाही त्याला असते. ग्राहकाच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. पण मासिक वर्गणीत वर्षातून बारा वेळा त्याला विचारलं जातं की हे चालू ठेवायचं का, आणि त्यातला एखादा महिना असा असतोच की तुमच्या पत्रात त्याच्या कामाचं काही नव्हतं. आपल्या लोकांना मासिकांची वार्षिक वर्गणी भरायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तीच धरा. सवलत द्यायची तर दिवाळी अंकाच्या आगाऊ नोंदणीसारखी, वर्षातून एकदा, अमुक तारखेपर्यंत, आणि ती तारीख पाळा. मुदत वाढवत गेलात तर पूर्ण पैसे भरणाऱ्यांवर अन्याय होतो.

आठ दिवस फुकट वापरून बघा, ही सोय साप्ताहिक पत्राला शोभत नाही, कारण त्यात एकच अंक बसतो. त्यापेक्षा वर्गणीदारांची एक चांगली फाईल सगळ्यांना मोफत द्या. मी थकबाकी वसुलीच्या पहिल्या नोटिशीचा नमुना देते. पुढे सहकार कायद्याच्या कलम 154बी-29 खाली वसुली दाखल्यापर्यंत, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या सरकारी आदेशापर्यंत, जायचं तर बाकीचे कागद वर्गणीदारांसाठी आहेत. पहिली नोटीस वापरून ज्याला थकबाकीदाराचं उत्तर आलं, त्याला फायलींची किंमत सांगावी लागत नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास नडणारी एक तांत्रिक गोष्ट. जीमेल साधारण 102 केबीपेक्षा मोठा मेल कापतं आणि खाली "पूर्ण संदेश पाहा" अशी बारीक ओळ दाखवतं. रोमन लिपीतलं अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. त्यामुळे आपलं पत्र त्या मर्यादेला लवकर भिडतं, आणि कापला जातो तो शेवट, जिथे आपण वर्गणीची ओळ ठेवलेली असते. वर्डमधून मजकूर थेट चिकटवू नका, त्याबरोबर अदृश्य कोडचा ढीग येतो. आधी साध्या नोटपॅडमधून काढा. पत्र लांबलं तर वर्गणीची ओळ मध्यावर आणा. आणि पाठवण्याआधी स्वतःच्या जीमेलवर मागवून मोबाईलवर शेवटपर्यंत वाचून बघा.

फायली व्हॉट्सॲपवर फिरतील, हे गृहीत धरा. सेक्रेटऱ्यांचे गट असतात आणि एकमेकांना मदत करणं हा त्यांचा स्वभाव आहे. मी फायलींना पासवर्ड लावत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी पत्राचं नाव, नोंदणीचा दुवा आणि "कायदेशीर स्थिती अमुक तारखेची" असं छापते. सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि जुन्या नमुन्यांतली कलमं बदलली. जुनी फाईल वापरून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला तर तो परत येऊ शकतो. ताजी फाईल कुठे मिळेल हे तळाच्या दुव्यावर असतं, आणि माझ्याकडे नवे वाचक बरेचसे त्याच वाटेने येतात. उलट, सोसायटीच्या सभासदांची यादी उचलून त्यांना न विचारता पत्र पाठवायला सुरुवात करू नका. तो त्यांच्या माहितीचा गैरवापर आहे आणि अशा यादीतून वर्गणीदार मिळतही नाहीत.

तुमचं पत्र शेअर बाजारावर असेल तर थांबा. कोणता शेअर घ्यावा किंवा विकावा हे पैसे घेऊन सांगायला सेबीची नोंदणी लागते. ती नसेल तर वर्गणी सुरू करण्याआधी जाणकाराशी बोला, कारण इथे वाचकाच्या आयुष्यभराच्या बचतीचा प्रश्न असतो.

नूतनीकरणाचं पत्र मी फेब्रुवारीच्या शेवटी पाठवते, कारण एप्रिलच्या आत कमिटीची निदान एक सभा व्हायला हवी. त्यात वर्षभरात पाठवलेल्या फायलींची यादी असते, प्रत्येकीचा दुवा पुन्हा दिलेला असतो, म्हणजे जी राहून गेली ती आता उतरवून घेता येते. सोबत नव्या वर्षाचं बिल आणि तोच ठराव, फक्त साल बदललेलं. ज्यांना पुढे नको असेल त्यांनी "नको" एवढंच उत्तर द्यायचं. त्यांचं मोफत पत्र चालू राहतं आणि घेतलेल्या फायली त्यांच्याच असतात. "नको" लिहिणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते: कोणता कागद हवा होता आणि मिळाला नाही? ते उत्तर आलं की त्याच फोल्डरमध्ये टाकते आणि एप्रिलच्या यादीला लागते.